वॉर्ड डायरी : ज्युनिअरच्या खिशातली, सीनिअरने वाचायची

छत्रपती संभाजीनगरला गुलमंडीच्या मागच्या बाजूला एक छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, किराणा दुकानांची बिलं अशी कामं तिथं जास्त चालतात. तिथूनच आमच्या युनिटसाठी छापून घेतलेली ‘वॉर्ड डायरी’ आम्ही गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या सहकाऱ्यांनी फोटो मागवले, किंमत विचारली, ‘आमच्या पोरांना उपयोग होईल का’ असंही विचारलं. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी मेडिसिनची सहयोगी प्राध्यापक, सरकारी मेडिकल कॉलेजात एक युनिट सांभाळते. माझं मत आधीच सांगते. डायरी चांगली आहे, जरूर घ्या. पण राऊंड संपल्यावर ती रोज उघडून वाचायला सीनिअरकडे पंधरा मिनिटं नसतील तर घेऊ नका. नुसती पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या (एमडी शिकता शिकता वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरच्या) हातात टेकवली तर त्याच्या डोक्यावर आणखी एक लिखाण चढतं, बाकी काही होत नाही.

आधी वस्तूबद्दल. आकार शाळेच्या छोट्या वहीएवढा, अ‍ॅप्रनच्या खालच्या खिशात बसतो. आत पन्नास पानं, आणि प्रत्येक पानाखाली कार्बन न घालता उमटणारी पिवळी प्रत. वरचं पांढरं पान फाडून रात्रीच्या ड्युटीवाल्याकडे जातं, पिवळं डायरीतच राहतं. एका पानावर आठ पेशंट मावतात. ज्याच्याकडे वीसेक बेड आहेत त्याला एक डायरी दोन-अडीच आठवडे पुरते. शंभर डायऱ्यांच्या ऑर्डरला नगामागे ९० रुपये पडले, युनिटमधल्या शिक्षकांनी वर्गणी काढून दिले. मुलांकडून एक पैसा घेतला नाही, आणि घेऊही नये.

रकाने असे: बेड नंबर, नावाची आद्याक्षरं आणि वय, एका ओळीत निदान, पेशंट किती गंभीर यासाठी लाल-पिवळा-हिरवा असे तीन गोल, मग ‘आजची कामं’ आणि प्रत्येक कामापुढे चौकोन. त्याच्या शेजारी ‘कुणाकडे अडकलंय’ असा एक बारीक रकाना. शेवटी ‘रात्री असं झालं तर असं करायचं’. पानाच्या तळाला देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, आणि ‘ऐकून परत सांगितलं’ असा एक चौकोन.

यातलं बरंचसं आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं, कसा द्यावा यासाठी अमेरिकेत ‘आय-पास’ नावाची पद्धत आहे: आजार किती गंभीर, पेशंटची थोडक्यात हकीकत, करायची कामं, पुढं काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्यानं सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. तिथल्या नऊ रुग्णालयांच्या मुलांच्या विभागांमध्ये ती आणल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आम्ही तो सांगाडा घेतला आणि आमच्या वॉर्डाच्या मापाने बेतला. ‘कुणाकडे अडकलंय’ हा रकाना मात्र आमचा. पुढं जे काही सांगणार आहे ते बहुतेक त्या एका रकान्याबद्दल आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं आमच्या कामाचं. इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे तातडीचे पेशंट आमच्या युनिटकडे येतात त्या दिवशी, जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भातल्या बुलढाण्याकडूनही पेशंट येतात. पेरणीपासून सर्पदंश सुरू होतात. कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की औषध अंगावर उडालेले आणि प्यायलेले दोन्ही येतात. पाऊस ओसरला की डेंग्यू. बेड भरले की खाली गादी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट-इमर्जन्सी राऊंडला जेआर वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या, नावावर एका रात्रीत पंधरा-वीस नवे पेशंट चढलेले असतात आणि जुने आहेतच.

एका पेशंटमागे किती कामं निघतात हे बाहेरून कळत नाही. ऑरगॅनोफॉस्फरस (एक प्रकारचं कीटकनाशक) प्यायलेला एक तरुण घ्या. त्यावरचं अ‍ॅट्रोपिन हे औषध चालू आहे, म्हणून छातीतली घरघर, नाडी, घाम, बाहुल्या दर थोड्या वेळानं बघायच्या. पहिल्या दिवसानंतर चौथ्या दिवसापर्यंत मान उचलता येते का, एका दमात किती आकडे मोजतो हे विचारत राहायचं, कारण सुधारतोय असं वाटत असतानाच श्वासाचे स्नायू बसू शकतात. पोलिसांना कळवायचं, एमएलसीचे (पोलीस केसचे) कागद पुरे करायचे, मानसोपचाराचा रेफरन्स द्यायचा, म्हणजे त्या विभागाला पेशंट बघायला बोलवायचं. योजनेत बसवायचा तर महात्मा फुले योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड, फोटो. व्हेंटिलेटर लागला तर आयसीयूत जागा आहे का बघायचं. आणि बाहेर त्याची आई उभी असते, ‘साहेब, लेकरू बोलंना झालंय, जरा बघा ना.’ तिच्याशीही कुणीतरी नीट बोलायला हवं. हे सगळं एका बेडचं. असे वीस.

अशा वेळी मागं पडलेल्या रेसिडेंटला सीनिअरकडून ठरलेली वाक्यं ऐकायला मिळतात: ‘हात उचल’, ‘आम्ही तुझ्या जागी होतो तेव्हा’, ‘स्पीड वाढव’. स्पीड वाढव म्हणजे नेमकं काय कर, हे त्यात नसतं. मुलगा नक्की कुठं अडकतोय हे राऊंडवर दिसतच नाही. राऊंडवर फक्त एवढंच कळतं की सोनोग्राफी झाली नाही, रिपोर्ट आला नाही, डिस्चार्ज राहिला. पिवळ्या प्रतीचा खरा उपयोग इथं होतो. काम कुठल्या टप्प्यावर थांबलं ते त्या पानावर दिसतं.

पहिलं उदाहरण आमच्या एका जेआर वनचं. परभणीकडचा मुलगा, अभ्यासात चांगला, पेशंटशी गोड बोलणारा. रोज संध्याकाळी सातला त्याच्या पानावरचे निम्मे चौकोन रिकामे. सगळे त्याला ‘स्लो’ म्हणायला लागले होते. त्याची सलग काही दिवसांची पिवळी पानं मी शेजारी शेजारी लावली. स्वतःच्या हातानं करायची कामं, म्हणजे सुई टोचणं, पोटातलं-छातीतलं पाणी काढणं, नोट्स, दुपारी बारापर्यंत सगळी झालेली, टिकही स्वच्छ. राहिलेली सगळी कामं दुसऱ्याला सांगून करून घ्यायची होती: हृदयरोगाचा रेफरन्स, सोनोग्राफीची वेळ, ब्लड बँकेतून पिशवी, पॅथॉलॉजीतला रिपोर्ट. आणि ‘कुणाकडे अडकलंय’ या रकान्यात त्यानं प्रत्येक ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: ‘मी’.

संध्याकाळी वॉर्डच्या टेबलाशी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, ‘बेड अकराचं रक्त लॅबला कोण घेऊन गेलं?’

‘मीच, मॅडम.’

‘मामा नव्हते?’ मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय.

‘होते. पण ते ट्रॉली घेऊन एक्स-रेला चालले होते. मग म्हटलं, त्यांना कशाला सांगायचं.’

‘आणि कार्डिओचा रेफरन्स?’

‘त्यांचे सर राऊंडवर होते, मॅडम. मधी बोलणं बरं दिसंना. थांबलो थोडा वेळ.’

थोडा वेळ म्हणजे पाऊण तास. त्याला वैद्यकी येत होती. माणसांना काम सांगणं येत नव्हतं, आणि ते शिकवणारा तास एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत कुठंच नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, मोठ्यांपुढे बोलायचं नाही या वळणात वाढलेल्या मुलाला वयानं वडिलांएवढ्या मामांना ‘हे घेऊन जा’ म्हणणं जड जातं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर वॉर्डात थांबले. मामांना, सिस्टरना काम कसं सांगायचं ते त्याच्यासमोर सांगून दाखवलं: नाव घेऊन, कारण देऊन, किती वाजेपर्यंत हवं ते सांगून. ‘मामा, हे बेड अकराचं रक्त, साप चावलाय, अर्ध्या तासात रिपोर्ट लागतो, पहिली फेरी याची करा.’ मामा लगेच गेले. रेफरन्ससाठी ठरवलं की फोन करायचा, दोन वाक्यांत सांगायचं, आणि दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर आमच्या लेक्चररना कळवायचं, पुढं ते बघतील. काही आठवड्यांत त्याच्या रकान्यात ‘मी’च्या जागी ‘सोनो, २ वाजता’, ‘ब्लड बँक, मामा गेलेत’ असं दिसायला लागलं. आज नव्या मुलांना वॉर्ड दाखवायचं काम मी त्याच्याकडेच देते.

दुसरी एक मुलगी, नांदेडकडची, फार मन लावून काम करणारी. ती बेड एकपासून सुरू करायची आणि क्रमानं जायची. नोट्स अप्रतिम. पण तिचा एकोणतिसावा बेड अकराला उगवायचा, आणि त्या बेडवर कोण आहे हे बेडच्या नंबरला माहीत नसतं. तिच्या पानावर टिकांच्या शेजारी वेळा होत्या, त्या वरून खाली सरळ चढत गेलेल्या. लाल गोल मध्येच कुठंतरी. रात्री सर्पविषावरचं प्रतिविष दिलेल्या पेशंटची वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सहा तासांनी परत करायची असते. तिच्या पानावर ती नोंद होती, लाल गोल होता, आणि वेळ मात्र बेडच्या क्रमानं येईल ती. त्या सकाळी सिस्टरनं आठवण करून दिली म्हणून चाचणी वेळेत झाली.

तिला ओरडून काही साधलं नसतं, कारण ती आळशी नव्हती आणि निष्काळजी तर मुळीच नव्हती. कुठल्या क्रमानं जायचं हे तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. आता आमच्या युनिटचा क्रम ठरलेला आहे. आधी सगळे लाल, उभ्या उभ्या, फक्त नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन आणि शुद्ध. मग डिस्चार्ज होणारे. मग बाकीचे. डिस्चार्ज दुसऱ्या नंबरवर का, असं बरेच जण विचारतात. एक तर बेड रिकामा झाला की खाली गादीवरचा म्हातारा वर येतो. दुसरं म्हणजे कार्ड संध्याकाळी पाचला हातात दिलं तर भोकरदनची, अंबडची एसटी गाठायला माणसं धावत सुटतात, गोळ्या कशा घ्यायच्या हे कुणीच नीट ऐकत नाही, आणि तोच पेशंट आठ दिवसांत परत दारात उभा राहतो.

तिसरी गोष्ट रात्रीच्या फोनची. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रात्री तीनला पेशंट बिघडतो आणि जेआर वन एकटाच झगडत बसतो, सीनिअरला उठवत नाही. कारण कधीतरी, कुठंतरी, कुणीतरी फोनवर खेकसलेलं असतं. मुलं हे पटकन शिकतात आणि मग विसरत नाहीत. आमच्या डायरीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ‘या गोष्टी झाल्या की फोन करायचाच’ अशी यादी छापली आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, तापमान, शुद्ध आणि बाहेरून लावलेला ऑक्सिजन यांचे गुण मांडून करायचा ‘न्यूज टू’चा हिशेब ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये सुधारून दिला, तो तिथं छोट्या तक्त्यात आहे. पाच किंवा जास्त झाले तर जेआर थ्रीला (तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला) फोन, सात किंवा जास्त तर लेक्चररना आणि मला. त्याखाली ओळ आहे: ‘आकडे बरे दिसतात पण मनाला पटत नाही, तरी फोन.’ आणि त्याखाली युनिटमधल्या प्रत्येक शिक्षकाची सही, शाईची, प्रत्येक डायरीवर वेगळी. छापून घेतली असती तर सोपं गेलं असतं. पण ज्यानं सही केली तो रात्री रागावू शकत नाही, आणि मुलांनाही ते दिसतं. शंभर डायऱ्यांवर सह्या करायला एक दुपार जाते, ती द्यावी.

‘रात्री असं झालं तर असं करायचं’ या रकान्यात सुरुवातीला मुलं ‘वॉच फॉर डिटेरिओरेशन’ (बिघडतोय का बघा) असं ठोकळेबाज लिहायची. त्याचा रात्रीच्या माणसाला काडीचा उपयोग नाही. आता एखादी नोंद अशी असते: ‘बेड १४, डेंग्यू, आज ताप उतरला. पोट दुखतंय म्हणाला, किंवा वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २० किंवा त्याखाली आलं, तर नुसतं सलाइन वाढवून थांबू नका, पीसीव्ही (रक्त किती घट्ट झालंय ते दाखवणारी तपासणी) पाठवा आणि फोन करा.’ डेंग्यूत ताप उतरल्यावर घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि धोका बऱ्याचदा तिथूनच पुढं असतो, हे ज्यानं लिहिलंय त्याला कळलेलं आहे. म्हणजे हा रकाना वाचून मला त्या मुलाची समजही कळते, वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही.

पिवळी पानं वाचताना मी काय करते तेही सांगते, कारण डायरीबरोबर ही पद्धत मिळत नाही. लाल पेन हातात घेत नाही. मुलाला शेजारी बसवते आणि एका पेशंटबद्दल विचारते: याला काय झालंय असं तुला वाटतं? कशावरून वाटतं? मग त्यातलं बरोबर काय ते आधी आणि नाव घेऊन सांगते, चुकलेलं नंतर, आणि शेवटी एकच नियम, जो उद्या दुसऱ्या पेशंटलाही लागू पडेल. ही पद्धत १९९२ पासून वैद्यकीय शिक्षणात ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ या नावानं शिकवली जाते. एका मिनिटात होत नाही, पाच लागतात. पण दोन-तीन पेशंटवर केली तरी मुलगा दुसऱ्या दिवशी वेगळा विचार करून येतो. वीसच्या वीस पेशंट उकरायचे नाहीत, त्यानं तो आणखी खचतो.

डायरीत दिसत नाही असंही काही असतं आणि त्याबद्दल सावध राहायला हवं. एका मुलाची पानं हळूहळू रिकामी होत गेली. आधी अक्षर बारीक झालं, मग रकाने सुटायला लागले, मग दोन दिवस काहीच नाही. क्रम चुकत नव्हता, काम सांगायलाही तो लाजत नव्हता. विचारल्यावर कळलं की कित्येक दिवस झोप नाही, मेसचा डबा तसाच परत जातोय, घरी फोन नाही. अशा मुलाला वेळेचं नियोजन शिकवणं हा अन्याय आहे. त्याला त्याच दिवशी ड्युटीतून बाहेर काढलं, मानसोपचाराच्या सहकाऱ्यांकडे मी स्वतः घेऊन गेले, त्याच्या वडिलांना त्याच्या परवानगीनं कळवलं. तो बरा होऊन परत आला. तेव्हापासून डायरीच्या शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मोठ्या अक्षरांत छापून घेतलाय. तरी सांगते, नंबर छापून काम होत नाही, सीनिअरनं पानाच्या वरचा चेहरा बघायला हवा.

आता डायरीचा मला न सुचलेला उपयोग, जो आमच्या जेआर थ्रीनं काढला. तीन महिन्यांची पिवळी पानं घेऊन त्यानं रिकाम्या चौकोनांची वर्गवारी केली. डॉक्टरनंच करायला हवं असं काम त्यात थोडं निघालं. मोठा वाटा सॅम्पल पोहोचवणं, रिपोर्ट आणणं आणि योजनेच्या काउंटरवर कागद घेऊन उभं राहणं याचा होता. ही पानं घेऊन आम्ही वरिष्ठांकडे गेलो. ‘मुलांवर लोड आहे’ असं नुसतं तोंडी सांगितलं की मान डोलावली जाते आणि विषय संपतो. इथं तारीख, बेड, वेळ सगळं समोर होतं. इमर्जन्सीच्या दिवशी फक्त सॅम्पलसाठी एक माणूस मिळाला. महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र (रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारी माणसं) रोज दुपारी ठरलेल्या वेळी वॉर्डात यायला लागले, रेसिडेंटनं खाली जायची गरज उरली नाही. सगळं मिळालं नाही, पण एवढं मिळालं तरी संध्याकाळच्या पानावर फरक दिसला.

हे मुद्दाम लिहिते, कारण डायरी हे मुलांकडून जास्त काम काढायचं साधन होता कामा नये. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत ज्युनिअर रेसिडेंटनं साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांपेक्षा जास्त नाही एवढंच काम करावं असं म्हटलंय. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्याच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तासांच्या वर नको आणि एक सुट्टी हवी, असं सुचवलं. ज्यांनी सरकारी रुग्णालयात काम केलंय त्यांना हे आकडे आणि वॉर्ड यांच्यातलं अंतर ठाऊक आहे. मुलगा मागं पडतो तेव्हा पहिला प्रश्न ‘याला जमत का नाही’ हा नसावा. हे काम एका माणसाचं आहे का, हे आधी विचारावं. ते नसेल तर कितीही सुबक रकाने आखले तरी ते एका माणसाचं होणार नाही, आणि मग वर जाऊन भांडायचं काम सीनिअरचं आहे, त्या मुलाचं नाही.

आता दोष. कागद पातळ आहे. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा सलाइनचा एक थेंब पडला की पांढऱ्या पानावरची जेल पेनची शाई पसरते, म्हणून बॉलपेनच वापरावा लागतो. तोही दाबून, नाहीतर पिवळ्या प्रतीवर उमटत नाही. पिवळी प्रत उन्हात फिकी पडते. खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेली पानं काही आठवड्यांत धूसर झाली, आता ती बंद फाइलमध्ये ठेवतो. पहिल्या छपाईत स्पायरल बाइंडिंग होतं, ते अ‍ॅप्रनच्या खिशात अडकून शिवण उसवायचं. दुसऱ्या छपाईपासून वर पिना मारून कापडी पट्टी लावली, ते उत्तम. वेळ लिहायचा रकाना अजूनही अरुंद आहे, दोन आकडे कसेबसे मावतात. आणि पहिल्या छपाईत सगळे मथळे इंग्रजीत होते. ते मराठीत केल्यावर सिस्टर आपणहून पान बघायला लागल्या, ‘डॉक्टर, हा लाल आहे, पण याचं बीपी दुपारपासून कुणी घेतलंच नाही’ असं सांगायला लागल्या. तो बदल मला सगळ्या बदलांत मोलाचा वाटतो.

एक दोष डायरीचा नाही, टिक मारण्याचा आहे. ‘लघवीचं मोजमाप’ असा चौकोन असेल तर त्यात टिक येते, मोजमाप येत नाही. अशा कामांपुढे चौकोनाऐवजी रिकामी रेघ छापा, आकडा लिहावाच लागेल.

गुप्ततेचं बघाच. पूर्ण नाव कधीच लिहायचं नाही, विषबाधेच्या आणि एचआयव्हीच्या पेशंटचं तर आद्याक्षरही नाही, फक्त बेड नंबर आणि वय. पांढरी पानं सकाळी वॉर्डातल्या एका डब्यात परत येतात आणि नष्ट होतात. हॉस्टेलच्या खोलीत, टपरीवरच्या टेबलावर पान राहता कामा नये.

दुसरे पर्याय आम्ही वापरून बघितलेत. केसपेपरच्या पाठकोऱ्या कागदाची चार घड्यांची यादी, जी आम्ही सगळ्यांनी वापरली, ती फुकट आहे, पण संध्याकाळी ती अ‍ॅप्रनबरोबर धुण्यात जाते आणि सीनिअरला काहीच उरत नाही. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये यादी टाकली की ती शंभर निरोपांखाली गाडली जाते, आणि पेशंटची माहिती खासगी फोनमध्ये राहते ती वेगळीच. संगणकावरची नोंद पुढच्या उपचारासाठी हवीच, पण वॉर्डात संगणक कमी आणि बेडपाशी तो नेता येत नाही. पांढरा फळा मात्र आम्ही ठेवलाय, त्यावर फक्त लाल बेडचे नंबर.

छापखान्याच्या सेवेबद्दल शेवटी. मालक काका वयस्क आहेत, पण काम समजून घेतात. पहिल्यांदा नमुना बघून म्हणाले, ‘मॅडम, हे लई बारीक काम हाये, पोरं उभ्यानं लिहिणार का बसून?’ उभ्यानं म्हटल्यावर त्यांनीच मागच्या बाजूला जाड पुठ्ठा घालायला सांगितला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. प्रूफ दोनदा दाखवतात. लग्नसराईत मात्र त्यांच्याकडे जाऊ नका, तारीख हमखास पुढं जाते. आम्हाला एकदा तीन आठवडे थांबावं लागलं आणि तोवर मुलं परत पाठकोऱ्या कागदांवर आली. पावसाळ्याआधी हवी असेल तर मार्चमध्येच ऑर्डर द्या. पन्नासपेक्षा कमी छापत नाहीत, आणि पन्नासला नगामागे किंमत थोडी जास्त पडते. आमचा नमुना मागणाऱ्यांना मी देते, पण तो तसाच छापू नका. तुमच्या वॉर्डातल्या जेआर वनला आणि एका सिस्टरना बसवून रकाने ठरवा, सर्जरीला आणि बालरोगला वेगळी कामं निघतील. आणि ‘कुणाकडे अडकलंय’ हा रकाना आमच्यापेक्षा रुंद ठेवा, पुढच्या छपाईत आम्हीही ठेवतोय.